विश्लेषण : कमोडोर आणि अटारी... दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांची सूत्रे सांभाळणारे जॅक ट्रॅमिएल कोण होते?

१९८०च्या दशकात युरोप-अमेरिकेतील शाळकरी मुलांमध्ये एक वाद हमखास रंगत असे. कोणाच्या घरचा संगणक भारी? कोणी ‘कमोडोर ६४’चा पाईक, कोणी ‘अटारी’चा, तर ब्रिटनमध्ये कोणी ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’चा. टीव्हीला जोडलेला कीबोर्ड, शेजारी कॅसेट प्लेअर आणि गेम सुरू होण्याची मिनिटामिनिटाने वाढणारी प्रतीक्षा, या आठवणींनी ती पिढी आजही हळवी होते. पण यातील कमोडोर आणि अटारी या दोन वैऱ्यांची सूत्रे अवघ्या सहा महिन्यांच्या अंतराने एकाच माणसाच्या हाती होती. त्यांचे नाव जॅक ट्रॅमिएल. घराघरांत स्वस्त संगणक पोहोचवणाऱ्या आणि त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांची धूळधाण उडवणाऱ्या या उद्योजकाची ही कहाणी.

छळछावणीतून अमेरिकेत...

ट्रॅमिएल यांचा जन्म १३ डिसेंबर १९२८ रोजी पोलंडमधील लॉड्झ या गिरण्यांच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. लॉड्झमधील ज्यूंना एका बंदिस्त वस्तीत कोंडण्यात आले. पुढची काही वर्षे तेथेच कष्टाची कामे करण्यात गेली. १९४४ मध्ये ती वस्ती रिकामी करण्यात आली आणि या कुटुंबाची रवानगी आउश्वित्झला झाली. तेथून ट्रॅमिएल आणि त्यांच्या वडिलांना हॅनोव्हरजवळच्या आलेम येथील श्रमछावणीत पाठवले गेले. वडिलांचा त्या छावणीतच मृत्यू झाला. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याच्या ८४व्या तुकडीने आलेमची सुटका केली, तेव्हा सोळा वर्षांचा हा मुलगा जिवंत बचावलेल्या मोजक्या कैद्यांपैकी एक होता. याच छावणीतून वाचलेल्या हेलन यांच्याशी नव्हे, तर युद्धानंतर जर्मनीत भेटलेल्या आणि स्वतःही छळछावणी भोगलेल्या हेलन गोल्डग्रब यांच्याशी १९४७ मध्ये त्यांनी विवाह केला आणि त्याच वर्षी ते अमेरिकेत आले.

टाइपरायटर ते चिप : प्रवास कसा झाला?

अमेरिकेत ट्रॅमिएल लष्करात भरती झाले आणि तेथे टाइपरायटर दुरुस्तीचे काम शिकले. लष्कर सोडल्यावर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्यांनी दुरुस्तीचे छोटे दुकान थाटले. १९५५ मध्ये ते कॅनडातील टोरोंटो येथे गेले. तेथे चेकोस्लोव्हाकियातून आणलेले टाइपरायटर विकता विकता ‘कमोडोर’ आकाराला आली. आपल्या कंपनीला लष्करी थाटाचे नाव हवे, हा त्यांचा हट्ट होता. १९६५ मध्ये कंपनीला कर्ज देणारी वित्तसंस्था बुडाली आणि कमोडोरही अडचणीत आली. त्या वेळी आयर्व्हिंग गूल्ड या भांडवलदाराने पैसा ओतला, त्या बदल्यात कंपनीवरचा ताबाही त्यांच्याकडे गेला. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरणार होती.

टाइपरायटर आणि आकडेमोडीच्या यंत्रांमध्ये जपानी माल स्वस्त पडू लागला, तसे ट्रॅमिएल कॅल्क्युलेटरकडे वळले. त्यासाठीच्या चिप ‘टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स’कडून येत. १९७०च्या दशकाच्या मध्यावर या कंपनीने स्वतःच कॅल्क्युलेटर बाजारात उतरवले आणि तेही इतक्या कमी किमतीत, की कमोडोरसारख्या ग्राहक कंपन्यांचे कंबरडे मोडले. ट्रॅमिएल यांनी यातून एकच धडा घेतला. ज्याच्या हाती चिपचा कारखाना, त्याच्याच हाती किंमत. १९७६ मध्ये त्यांनी ‘मॉस टेक्नॉलॉजी’ ही चिप बनवणारी कंपनी विकत घेतली. चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘६५०२’ हा प्रोसेसर तिच्याकडे होता. इतरांचे प्रोसेसर शेकडो डॉलरना विकले जात असताना १९७५ मध्ये तो अवघ्या २५ डॉलरना बाजारात आला होता.

गंमत म्हणजे हाच प्रोसेसर किंवा त्याची भावंडे ‘ॲपल टू’, ‘अटारी ८००’ आणि ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकांतही होती. म्हणजे मुले ज्या यंत्रांवरून हमरीतुमरीवर येत, त्यांपैकी अनेकांचा मेंदू एकाच घराण्यातला होता.

आठ-बिट गृहसंगणक म्हणजे काय?

एका वेळी शून्य आणि एक यांच्या आठ अंकांची गट्टी हाताळणारा प्रोसेसर म्हणजे आठ-बिट प्रोसेसर. म्हणजे एका वेळी ० ते २५५ एवढीच संख्या. अशा तुटपुंज्या ताकदीवर चालणाऱ्या या संगणकांना वेगळा मॉनिटर लागत नसे, घरातला टीव्हीच पडदा होई. बटण दाबले की ‘बेसिक’ ही संगणकभाषा थेट समोर येई. मासिकांत छापून येणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी मुले तासन्‌तास टंकत, एखादे स्वल्पविराम चुकले की गेम अडे आणि चूक शोधता शोधता प्रोग्रामिंगची गोडी लागे.

कमोडोरचा ‘पेट’ हा संगणक १९७७ मध्ये आला, पण घराघरांत शिरला तो ‘व्हिक-२०’. किंमत ३०० डॉलरच्या आत. ट्रॅमिएल यांनी तो संगणकाच्या खास दुकानांपुरता न ठेवता के-मार्टसारख्या मोठ्या भांडारांत खेळण्यांच्या जोडीने विकायला ठेवला. ‘स्टार ट्रेक’फेम विल्यम शॅटनर त्याच्या जाहिरातीत झळकले. दहा लाखांहून अधिक विकला गेलेला तो पहिला संगणक ठरला. पुढे लिनक्स घडवणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये आजोबांच्या व्हिक-२० वरच प्रोग्रामिंगची धुळाक्षरे गिरवली.

‘कमोडोर ६४’ एवढा लोकप्रिय का झाला?

जानेवारी १९८२ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात कमोडोर ६४ पहिल्यांदा दिसला. ६४ किलोबाइट मेमरी आणि किंमत ५९५ डॉलर. पुढच्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या ‘टू-ई’ची किंमत १,३९५ डॉलर होती. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटोही ज्या मेमरीत मावणार नाही, तिच्यात अख्खे गेम बसवले जात. पडद्यावर स्वतंत्रपणे हलणारी आठ चित्रे, १६ रंग आणि बॉब यॅनेस यांनी आखलेली ‘सिड’ ही ध्वनीची चिप, ही त्याची बलस्थाने. सिड तीन स्वर एकाच वेळी वाजवू शके. त्यावर रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे यांच्यासारख्या संगीतकारांनी रचलेल्या धून गेमपेक्षाही जास्त काळ लक्षात राहिल्या. ‘इम्पॉसिबल मिशन’, ‘द लास्ट निन्जा’ हे गेम या संगणकाची ओळख बनले.

ब्रिटनमध्ये मात्र त्याची गाठ क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या स्पेक्ट्रमशी पडली. एप्रिल १९८२ मध्ये आलेला स्पेक्ट्रम १२५ पौंडांपासून मिळे, तर कमोडोर ६४ सुरुवातीला ३९९ पौंडांना होता. स्पेक्ट्रमच्या बटणांना रबराचा स्पर्श, आवाज किरकोळ आणि दोन चित्रे जवळ आली की रंग एकमेकांत घुसत. तरीही ‘मॅनिक मायनर’सारखे गेम त्यावर गाजले. वादाला खतपाणी घालणारी मासिकेही होती. स्पेक्ट्रमवाल्यांचे ‘क्रॅश’ आणि कमोडोरवाल्यांचे ‘झॅप ६४’. ही दोन्ही मासिके लडलो या गावातील एकाच प्रकाशन संस्थेची होती, हे अनेक वाचकांच्या गावीही नसे.

किमतींचे युद्ध कोणाला भोवले?

व्यापार म्हणजे युद्धच, अशी ट्रॅमिएल यांची धारणा होती आणि १९८३ मध्ये तिचा प्रत्यय आला. चिपचा कारखाना घरचा असल्याने कमोडोरला संगणक इतरांपेक्षा स्वस्तात बनवता येई. कमोडोर ६४ ची किंमत वर्षभरात सुमारे २०० डॉलरवर आली. कोणत्याही कंपनीचा जुना संगणक किंवा गेमयंत्र द्या आणि १०० डॉलर सूट घ्या, अशी योजनाही आली. काही चतुर ग्राहक त्यासाठी सिंक्लेअरचा अगदी स्वस्त संगणक मुद्दाम विकत घेऊन परत करू लागले. एकेकाळी कमोडोरला कॅल्क्युलेटरमध्ये गोत्यात आणणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ऑक्टोबर १९८३ मध्ये गृहसंगणकांच्या धंद्यातून माघार घेतली. व्हिडिओ गेमच्या मंदीचाही फटका बसलेल्या अटारीचा त्या वर्षीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला.

या स्वस्ताईची किंमत इतरांनीही मोजली. आधी महाग भावाने माल भरून ठेवलेले दुकानदार पोळले. पुरवठादारांना अखेरच्या पैशापर्यंत पिळणारा मालक, अशी ट्रॅमिएल यांची ख्याती झाली. त्यांच्या धाकाने अनेक अधिकारी टिकत नसत. ग्राहक मात्र खूश होता. कमोडोर ६४ चे उत्पादन १९९४ पर्यंत सुरू राहिले. त्याच्या विक्रीचे अंदाज सव्वा कोटी ते १ कोटी ७० लाख यांदरम्यान आहेत.

प्रतिस्पर्ध्याच्या गोटात का गेले?

कमोडोरची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली असतानाच, जानेवारी १९८४ मध्ये गूल्ड यांच्याशी झालेल्या मतभेदांतून ट्रॅमिएल यांनी कंपनी सोडली. जुलैमध्ये त्यांनी तोट्यातील अटारीचा गृहसंगणक आणि घरगुती गेमचा विभाग ‘वॉर्नर’कडून घेतला. हाती रोकड न देता, २४ कोटी डॉलरच्या वचनचिठ्ठ्यांवर हा व्यवहार झाला. पाठोपाठ मोठी नोकरकपात झाली.

पुढे जे घडले ते अजबच. कमोडोरचे काही अभियंते ट्रॅमिएल यांच्यामागोमाग अटारीत आले आणि त्यांनी ‘अटारी एसटी’ घडवला. दुसरीकडे, अटारीच्या आठ-बिट संगणकांमागचे जे मायनर ज्या ‘अमिगा’ कंपनीत होते, ती कमोडोरने विकत घेतली. म्हणजे १९८५ नंतरच्या लढाईत अटारीचा संगणक कमोडोरच्या माणसांनी, तर कमोडोरचा संगणक अटारीच्या माणसाने घडवलेला होता. मुलांच्या निष्ठा मात्र डब्यावरच्या नावाशीच बांधलेल्या राहिल्या.

अखेर काय झाले?

स्वस्त यंत्र हा मंत्र पुढे पुरेना. कार्यालयांत आणि मग घरांतही आयबीएमच्या धाटणीचे पीसी आले, तर गेमचा बाजार निन्टेंडो आणि सेगा या जपानी कंपन्यांकडे गेला. १९९४ मध्ये कमोडोर दिवाळखोरीत निघाली. अटारीचे ‘जॅग्वार’ हे गेमयंत्र अपयशी ठरले आणि १९९६ मध्ये ही कंपनी एका हार्ड डिस्क उत्पादक कंपनीत विलीन झाली.

वॉशिंग्टनमधील होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाच्या उभारणीला ट्रॅमिएल यांनी मोठे साह्य केले. आलेमच्या सुटकेच्या वेळी तेथील कैद्यांची छायाचित्रे टिपणारे अमेरिकी सैनिक व्हर्नन टॉट यांची पुढे त्यांच्याशी भेट झाली. टॉट यांचे नाव ट्रॅमिएल यांनी त्या संग्रहालयात कोरून घेतले. ८ एप्रिल २०१२ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे कॅलिफोर्नियात निधन झाले. आलेमच्या सुटकेला दोन दिवसांनी ६७ वर्षे पूर्ण होणार होती.

भारताशी काही संबंध?

कमोडोर ६४ भारतीय घरांत क्वचितच आला. पण १९८४ मध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो आले, त्यांत ६५०२ प्रोसेसर होता. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातील मुलांनी सुट्टीत टीव्हीला जोडून, ‘कॅसेट’ फुंकून फुंकून ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ खेळले, ती यंत्रे बहुतेक निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या. फॅमिकॉमचा प्रोसेसरही ६५०२ वरच बेतलेला. ट्रॅमिएल हे नाव त्या मुलांच्या कानावर कधी आले नाही. त्यांनी १९७६ मध्ये विकत घेतलेल्या कारखान्यातल्या चिपचा वारसा मात्र त्यांच्याही सुट्टीत पोहोचला होता.