नाकाच्या वाटेने मेंदूच्या तळाशी : डॉ. हार्वे कुशिंग

लखनौ : मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका अर्थात पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यावर वाढलेली गाठ आज लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेसह देशातील अनेक रुग्णालयांत नाकपुडीतून दुर्बीण घालून काढली जाते. कवटी उघडावी लागत नाही. ही वाट रुळवणाऱ्यांत अग्रणी होते अमेरिकी शल्यविशारद डॉ. हार्वे कुशिंग. पुढे तिच्याकडे पाठही त्यांनीच फिरवली.

८ एप्रिल १८६९ रोजी क्लीव्हलंड येथे डॉक्टरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. येल व हार्वर्ड येथे शिकून ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजू झाले. इटलीत पाहिलेले रक्तदाबमापक त्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत आणले.

पिट्युटरीची गाठ वाढली की दृष्टीच्या नसांवर दाब येतो आणि रुग्णाची नजर हळूहळू जाते. १९०९ मध्ये कुशिंग यांनी अशा गाठीवर नाकामागील पोकळीतून प्रथम शस्त्रक्रिया केली. पुढे वरच्या ओठाखाली छेद घेऊन, कपाळावर दिवा बांधून ते आत शिरत. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी असे २३१ रुग्ण हाताळले. मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के होते. प्रतिजैविके नसलेल्या काळात हा आकडा थक्क करणाराच म्हटला पाहिजे.

तरीही अरुंद, खोल जागेत प्रकाश पुरत नसे. वर सरकलेला गाठीचा भाग दिसत नसे. अखेर १९२० च्या दशकाअखेरीस त्यांनी कवटी उघडण्याचाच मार्ग पत्करला आणि त्यांच्या अधिकारामुळे बहुतेक शल्यविशारदांनीही नाकाची वाट सोडली. हा निर्णय चुकीचा नव्हता. साधनेच तोकडी होती.

विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राबद्दल १९२६ मध्ये त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याधीचे वर्णन त्यांनी १९३२ मध्ये केले. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले.

सोडलेली वाट मात्र बुजली नाही. बोस्टनमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेले नॉर्मन डॉट यांनी ती एडिंबरात जपली. त्यांच्याकडून ती १९५६ मध्ये पॅरिसच्या जेरार गियो यांनी उचलली. साठच्या दशकात गियो यांनी या शस्त्रक्रियेत एंडोस्कोप वापरून पाहिला, तर माँट्रियलचे ज्यूल हार्डी यांनी सूक्ष्मदर्शक आणला. नव्वदच्या दशकात केवळ एंडोस्कोपच्या आधारे शस्त्रक्रिया होऊ लागल्या. दिवा आता गाठीपाशीच पोहोचला आणि तिरकस भिंगांमुळे आडबाजूचे कोपरेही पडद्यावर उमटू लागले. कुशिंग यांच्या नजरेआड राहणारा वरचा भाग त्यांतलाच एक.