शमुवेल दिवेकर : नवस फेडणारा फौजी



नेता सगळ्यांना हुकूम सोडतो; पण नेत्याने कुणाचं ऐकायचं? वर्गात मॉनिटर निवडताना हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.

प्राचीन इस्राएली लोकांपुढेही तो होता. त्यांचा पहिला राजा शौल लढाई जिंकला, पण देवाची आज्ञा मोडून त्याने लुटीतली चांगली गुरं-मेंढरं राखून ठेवली. तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्याला तोंडावर सांगितलं, की तुझं राजेपण आता गेलं.

त्याच शमुवेलाचं नाव लावणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. शमुवेल यहेज्केल दिवेकर, मराठी नाव सामाजी हसाजी. तो कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा. दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं गावांवरूनच पडलेली. धंदा तेलघाण्याचा. शनिवारी देवाच्या आज्ञेप्रमाणे घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. धर्मग्रंथ हाती नव्हते, पाहायला कुणी धर्मगुरू नव्हता, तरी पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला गेला.

दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होता. १७८० ते १७८४ च्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. जिवंत सुटलो तर देवाचं प्रार्थनाघर बांधीन, असा नवस त्याने केला, अशी या समाजात आठवण आहे. तो सुटला. गरज सरो नि वैद्य मरो, असं त्याने केलं नाही. १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात त्याने सिनेगॉग उभारलं. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. त्याचं नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार.

इमारत झाली, नाव झालं; तिथंच थांबला असता तरी चाललं असतं. पण आज्ञा ज्यात लिहिल्या, तो तोराह ग्रंथच नसेल तर नुसत्या भिंतींचा काय उपयोग? तो आणायला दिवेकर कोचीनला गेला आणि १७९७ मध्ये तिथंच वारला.

शौल राजा होता, दिवेकर साधा फौजी. एकाने आज्ञेतून सोयीची वाट काढली, दुसऱ्याने दिलेला शब्द शेवटपर्यंत निभावला. मुलांना दोन्ही गोष्टी सांगा आणि विचारा, यातला मोठा कोण?

आणि एक प्रश्न आपल्यालाही. वर्गात कुणी बघत नसतं, तेव्हा आपण आपलेच नियम पाळतो का? मुलं ते नेमकं हेरतात बरं!