रामन राघव : स्वभाव की आजार?

वसई-विरारमध्ये माझ्या वयाच्या अनेकांनी रामन राघवचे नाव घरातल्या मोठ्यांकडून ऐकले आहे. 1968 च्या पावसाळ्यात मुंबईच्या उत्तर उपनगरांत झोपडीत, फुटपाथवर झोपलेली गरीब माणसे रात्री मारली जात होती. वस्त्यांमध्ये लोक पहारा देत. 27 ऑगस्टला उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी त्याला डोंगरीत पकडले.

ही दहशत सगळ्यांना आठवते. डॉक्टर म्हणून मला मात्र त्याची तपासणी जास्त महत्त्वाची वाटते.

खटल्यात त्याच्या वकिलांनी तो भानावर नसल्याचे सांगितले. महिनाभर देखरेखीखाली ठेवून पोलीस सर्जननी त्याला मनोविकार नसल्याचा दाखला दिला. नायर रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाची साक्ष उलटी होती: जुना स्किझोफ्रेनिया. ऑगस्ट 1969 मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्याने अपीलही केले नाही.

शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला लावले. मंडळ त्याच्याशी पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास बोलले. तेव्हा कुठे आतले जग दिसले. त्याच्या मते जगे दोन होती, एक हे आणि एक ‘कानून’चे, तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हात पुढे केला, तर या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही म्हणून त्याने तो हातात घेतला नाही. निदान ठरले: बरा न होणारा मानसिक आजार.

नुसते कृत्य पाहून हे कळले नसते. निर्दयपणा व्यक्तिमत्त्व विकारातही दिसतो, पण तिथे असे भ्रम सहसा नसतात. असते ती तरुणपणापासूनची, काम, नाती, राग सगळीकडे दिसणारी वागण्याची घडण. म्हणून आज ठरावीक प्रश्नांची, क्रमवार मुलाखत घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अशा मुलाखतीत तो गुण किमान 5 वर्षे टिकला आहे का आणि निदान एखादा निकष वयाच्या पंचविशीआधी दिसला होता का, हे उदाहरणांसह विचारतात. आमच्या ओपीडीत मात्र नातेवाईक दहा मिनिटांत निकाल मागतात: त्याचा स्वभावच असा आहे ना, डॉक्टर? (आणि स्किझोफ्रेनियाचे बहुतेक रुग्ण कुणालाही इजा करत नाहीत, हेही इथेच सांगतो.)

रामन राघवला येरवड्याला हलवले, तिथे पुण्यात उपचार झाले. 1987 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. 1995 च्या एप्रिलमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने ससून रुग्णालयात तो वारला.