शिक्का खरा होता, पत्र खोटं होतं: परंड्याचा किल्ला बांधणाऱ्या महमूद गवानचा जीव असा गेला

धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्यात गेलात तर किल्ला शोधावा लागत नाही, तो गावातच आहे. भोवती खंदक, भक्कम तटबंदी, बुरुजांवर तोफा. विजापूरला जी मलिक-ए-मैदान तोफ बघायला लोक गर्दी करतात, ती तिकडे जाण्याआधी याच किल्ल्यात होती. १६०० साली अहमदनगर मुघलांच्या हाती गेलं, तेव्हा निजामशाहीचा कारभारही काही काळ परंड्यातून चालला.

हा किल्ला बांधल्याचं श्रेय ज्याला दिलं जातं तो माणूस म्हणजे बहामनी सल्तनतीचा वजीर महमूद गवान.

शाळेच्या पुस्तकात याच्यावर दोन-तीन ओळी असतात. हुशार वजीर होता, बिदरला मदरसा बांधला, विषय संपला. पण त्याचा शेवट ज्या पद्धतीने झाला तो आज मोबाईलवर धर्माच्या नावाने येईल ते पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने माहिती करून घ्यावा असा आहे.

दाभोळला उतरलेला व्यापारी

गवानचा जन्म १४११ च्या सुमाराचा, इराणमधल्या गिलान प्रांतातला. घराणं वजिरांचं. पण तिथल्या दरबारी राजकारणात घराण्याचं बिनसलं आणि गवानने गाव सोडून व्यापार धरला. व्यापार करता करता तो ठिकठिकाणच्या विद्वानांना भेटत राहिला, शिकत राहिला.

१४५३ च्या सुमारास तो कोकणात दाभोळच्या बंदरावर उतरला. वय चाळिशीच्या पुढे. बिदरला जाऊन तिथल्या सुफी घराण्यातल्या शाह मुहिब्बुल्लाह यांना भेटायचं आणि पुढे दिल्लीला जायचं, असा बेत होता.

दिल्ली राहून गेली. बिदरचा सुलतान अलाउद्दीन अहमदशाह याला हा माणूस इतका आवडला की त्याने त्याला दरबारातच ठेवून घेतलं.

पुढच्या सुलतानाने, म्हणजे हुमायूनशाहने त्याला मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख हा किताब दिला. १४६१ साली हुमायून मेला आणि गादीवर आठ वर्षांचा मुलगा आला. तोही दोन वर्षांत गेला आणि १४६३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ मुहम्मदशाह तिसरा सुलतान झाला. तोही पोरच. या काळात राजमाता नर्गिस बेगमच्या सोबतीने राज्य सांभाळणाऱ्यांमध्ये गवान होता. थोडक्यात, मुहम्मदशाह त्याच्या डोळ्यांसमोर वाढला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वजिराने नक्की केलं काय

मुख्य वजीर झाल्यावर गवानने दोन आघाड्यांवर काम केलं.

पहिली आघाडी लढाईची. कोकणातले किल्ले घेत घेत त्याने १४७२ मध्ये गोवा घेतला. ही काही साधूसंताची गोष्ट नाही. त्या मोहिमांमध्ये वेढे पडले, गावं उद्ध्वस्त झाली, रक्त सांडलं. गवान त्याच्या काळाचा राजकारणी होता.

दुसरी आघाडी कारभाराची, आणि शत्रू तयार झाले ते इथे. तोवर राज्याचे चार मोठे प्रांत होते आणि त्यांचे सुभेदार स्वतःच्या भागात जवळपास राजेच होते. गवानने चाराचे आठ प्रांत केले. एका सुभेदाराच्या हातात एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार नेमले. जमिनीची मोजणी सुरू केली.

यात ज्यांची सत्ता कापली गेली त्यांच्यात एक मोठं नाव होतं मलिक हसन बहरी.

त्यात दरबारात आधीच दोन गट होते. एक दख्खनी, म्हणजे इथे मुरलेल्या मुसलमान सरदारांचा. दुसरा आफाकी, म्हणजे इराण-मध्य आशियातून नव्याने आलेल्यांचा. बाहेरून आलेल्यांना मोठ्या जागा मिळतात ही दख्खनींची तक्रार अगदीच खोटी नव्हती. गवानने पदं वाटताना दोन्ही बाजूंचा तोल सांभाळायचा प्रयत्न केला. पण तो स्वतः आफाकी होता आणि मलिक हसन दख्खनींचा नेता.

बिदरचा मदरसा

या सगळ्या धामधुमीत १४७२ मध्ये बिदरचा मदरसा उभा राहिला. तीन मजली इमारत, मध्ये मोठं अंगण, भोवती शिकवण्याच्या आणि राहण्याच्या खोल्या, मशीद, ग्रंथालय. समोरच्या बाजूला निळ्या-हिरव्या रंगाच्या फरशांचं काम. ग्रंथालयात ३००० हस्तलिखितं होती असं सांगतात. गवानने इराणचे प्रसिद्ध कवी जामी यांच्याशी पत्रव्यवहार केला, बाहेरच्या विद्वानांना दख्खनमध्ये बोलावलं.

आता प्रश्न असा की धर्म शिकवायला एवढा खटाटोप कशाला? मशिदीत बसून कुणीही चार गोष्टी सांगू शकतो की.

तर विषय तिथेच आहे. इस्लाममध्ये धर्माबद्दल माहिती नसताना बोलणं ही साधी चूक मानलेली नाही. अल्लाहच्या नावाने ज्ञानाशिवाय काही सांगणं कुराणाने निषिद्ध गोष्टींच्या यादीत घातलंय. कारण असं बोलणारा स्वतःचं मत देवाच्या नावावर खपवत असतो.

याचा धोका सांगणारी एक घटना हदीसमध्ये येते. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याला आंघोळ करणं धर्माने गरजेचं झालं होतं. पाण्याऐवजी मातीने शुद्धी केली तर चालेल का, असं त्याने सोबतच्यांना विचारलं. त्यांनी स्वतःच्या अंदाजाने नाही म्हणून सांगितलं. त्याने जखमेवर पाणी घेतलं आणि तो मेला. प्रेषित मुहम्मद पैगंबर यांना हे कळल्यावर ते प्रचंड संतापले. त्याच्या मरणाला त्यांनी सल्ला देणाऱ्यांना जबाबदार धरलं आणि माहीत नसेल तर विचारावं, अज्ञानावर तोच उपाय आहे, असं समजावलं.

सल्ला देणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. माहिती नव्हती, तरी बोलले. माणूस गेला.

म्हणून धर्माचा निर्णय सांगणाऱ्याने आधी वर्षानुवर्षं शिकावं, गुरूकडून शिकवण्याची परवानगी, म्हणजे इजाजत घ्यावी, अशी पद्धत पडली. मदिनेचे इमाम मालिक यांच्याबद्दल सांगतात की त्यांना ४८ प्रश्न विचारले गेले आणि त्यातल्या ३२ प्रश्नांना त्यांनी आपल्याला माहीत नाही एवढंच उत्तर दिलं. एवढा मोठा इमाम, पण यात त्याला कमीपणा वाटला नाही.

दुसरी पद्धत पडली साखळी तपासण्याची. पैगंबरांच्या नावाने पहिल्या काही शतकांत ढिगाने खोटी वचनं तयार झाली. कुणी राजकारणासाठी केली, कुणी लोकांना धार्मिक बनवायच्या चांगल्या हेतूने केली. म्हणून हदीसच्या अभ्यासकांनी नियम केला. वचन कितीही छान असो, ते कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, असं मागे मागे जायचं. साखळीतला एकेक माणूस विश्वासाचा आहे का ते बघायचं. या साखळीला इस्नाद म्हणतात.

म्हणजे नाव पैगंबरांचं आहे एवढ्यावर मजकूर खरा ठरत नाही. बिदरच्या मदरशासारख्या संस्थांमध्ये पोरांना घडवायचं ते ही सवय लावून.

आणि अशी संस्था ज्याने उभी केली, त्याचा जीव ही सवय मोडल्यामुळे गेला.

कोरा कागद आणि खरा शिक्का

साल १४८१. सुलतान मुहम्मदशाह दक्षिणेत कांचीपर्यंत मोहीम करून परतत होता. मुक्काम आजच्या आंध्रातल्या कोंडापल्लीला होता.

पुढची हकीकत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापुरात बसून दख्खनचा इतिहास लिहिणाऱ्या फरिश्ताने दिली आहे. मलिक हसनच्या गटातल्या माणसांनी गवानचा शिक्का सांभाळणाऱ्या सेवकाशी दोस्ती वाढवली. भेटवस्तू दिल्या. एकदा त्याला भरपूर दारू पाजली आणि घडी घातलेल्या एका कागदावर शिक्का मारून घेतला. कागद कोरा होता.

मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाच्या नावे पत्र लिहिलं गेलं. आमचा सुलतान दारूत बुडालेला आहे, तुम्ही चाल करून या, आपण राज्य वाटून घेऊ, असा त्याचा आशय.

पत्र सुलतानापुढे ठेवलं तेव्हा तोही नशेत होता आणि शेजारी मलिक हसन बसलेला होता. शिक्का ओळखीचा होता. झालं, सुलतानाचं डोकं फिरलं.

गवानला बोलावणं आलं. जवळच्या लोकांना काहीतरी शिजतंय याची कुणकुण लागली होती. जाऊ नका, घोडेस्वार तयार आहेत, गुजरातकडे निघून जा, असं त्यांनी विनवलं. पण इतकी वर्षं ज्या घराण्याची चाकरी केली त्याच्यापासून पळून जायचं कशाला, गुन्हा केला नाही तर भीती कसली, या विचाराने तो गेला.

सुलतानाने त्याला विचारलं की धन्याशी दगा करणाऱ्याला शिक्षा काय असावी. गवानने मृत्यू असं उत्तर दिलं. मग पत्र दाखवण्यात आलं. शिक्का माझा आहे पण पत्र माझं नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं.

इथे सुलतानाला करता येण्यासारखं बरंच काही होतं. पत्र नेणारा कोण, ते सापडलं कसं, अक्षर कुणाचं, शिक्का कुणाच्या ताब्यात असतो? हे विचारायला अर्धा दिवस पुरला असता. काझीपुढे प्रकरण ठेवता आलं असतं. अविश्वासू माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी लोकांचं नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल, या अर्थाची ताकीद कुराणाच्या अल-हुजुरात या सूऱ्यात आहे. सुलतान मुसलमान होता, शिकलेला होता. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. जौहर नावाच्या गुलामाला हुकूम देऊन तो उठून आत गेला.

५ एप्रिल १४८१ ला गवानचं डोकं उडवलं गेलं. वय सत्तरीचं. मारणारा होता त्याच्याच देखरेखीखाली वाढलेला मुलगा.

मग शहानिशा झाली

गवानने राज्य लुटून भरपूर माया जमवली असेल म्हणून त्याचा खजिना तपासायला घेतला. फरिश्ता सांगतो की खजिनदाराने जे दाखवलं ते फारच थोडं होतं. जहागिरीचं उत्पन्न सैन्याच्या पगारात आणि गरिबांत जायचं. स्वतःचा खर्च तो व्यापारातल्या पैशातून भागवायचा, साधं जेवायचा आणि चटईवर झोपायचा.

पत्र बनावट होतं हेही उघड झालं. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. मोठे आफाकी सरदार छावणीपासून वेगळे राहायला लागले. दुरूनच मुजरा करायचे, जवळ यायचे नाहीत. जो राजा गवानला विचारल्याशिवाय मारतो तो आपल्याला काय सोडणार, हा साधा हिशोब होता.

वर्षही पूर्ण झालं नाही. मार्च १४८२ मध्ये सुलतान मेला, वय तिशीच्या आत. मलिक हसनला सत्ता मिळाली, पण काही वर्षांतच त्याचाही खून झाला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही काढली आणि पुढे अहमदनगर वसवलं. विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा, बिदर असे एकाचे पाच तुकडे झाले. बहामनी राज्य फुटण्याची कारणं बरीच होती, गटबाजी तर आधीपासून होती. पण हे सगळं धरून ठेवणारा हात त्या एका कागदाने तोडला.

आज याचा काय संबंध?

गवानविरुद्धच्या पत्रातला शिक्का खरा होता. म्हणूनच ते खोटं चाललं. पूर्ण खोट्या गोष्टीला कुणी फसत नाही, खरा शिक्का मारलेल्या खोट्याला सगळे फसतात.

धर्माबद्दलचे मेसेज नेमके असेच येतात. वर कुराणाचं किंवा हदीसचं नाव, आयतीचा क्रमांक, एखाद्या मोठ्या मौलानांचा फोटो. हा झाला शिक्का. खालचा मजकूर कुणी लिहिला, कुणालाच माहीत नसतं. कुणी तो पुण्य मिळेल म्हणून पुढे पाठवतो, तर कुणी इस्लाम कसा वाईट हे सिद्ध करायला. दोघांनीही मूळ पान उघडलेलं नसतं. आणि त्यावरून गावात दगड पडले, एखाद्याचं दुकान जळलं, कुणाला मारहाण झाली, तर आपण फक्त फॉरवर्ड केलं होतं म्हणून दोघंही बाजूला होतात. जखमी माणसाला चुकीचा सल्ला देणाऱ्यांनीही पाणी स्वतः ओतलं नव्हतं.

हे मुसलमानांनाच लागू आहे असं नाही. कुठल्याही धर्माबद्दल बोलताना तीनच गोष्टी विचारायच्या. हे कुणी सांगितलं? त्याला कसं माहीत? आणि ज्याने याचा अभ्यास केलाय त्याला विचारलं का? उत्तर मिळालं नाही तर माहीत नाही म्हणायचं. इमाम मालिक म्हणायचे, आपण म्हटलं तर बिघडत नाही.

बिदरचा मदरसा आजही बघता येतो. औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा ठेवला होता, त्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग उडाला. समोरच्या दोन मिनारांपैकी एक तेवढा उरलाय आणि त्याच्यावरच्या रंगीत फरशा अजून टिकून आहेत. गवानची कबर बिदरजवळच आहे. तिथे जाणारे कमीच, बहुतेक लोक किल्ला बघून परत फिरतात.