एडविन लिंक

एडविन अल्बर्ट लिंक (जन्म : २६ जुलै १९०४, हंटिंग्टन, इंडियाना, मृत्यू : ७ सप्टेंबर १९८१, बिंगहॅम्टन, न्यू यॉर्क) हे अमेरिकन संशोधक, उद्योजक, वैमानिक आणि सागरी अभियंते होते. जमिनीवर बसून विमानोड्डाणाचे शिक्षण देणारे 'लिंक ट्रेनर' हे यंत्र त्यांनी १९२९ मध्ये तयार केले. प्रवासी विमाने आणि उद्योगसमूहांची खासगी जेट विमाने चालवणारे वैमानिक आज ज्या सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षण घेतात, त्याचा पूर्वज म्हणून हे यंत्र ओळखले जाते.

प्रारंभिक जीवन

लिंक सहा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब न्यू यॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे स्थायिक झाले. तेथे त्यांच्या वडिलांनी स्वयंचलित वाद्ये बनवणारी एक दिवाळखोर कंपनी विकत घेतली. 'लिंक पियानो अँड ऑर्गन कंपनी' या नावाने ती ओळखली जाऊ लागली. मूकपटांच्या चित्रपटगृहांत वाजणारे ऑर्गन आणि छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळीवर चालणारे पियानो तेथे तयार होत. भाते, झडपा आणि हवेचा दाब यांचे ज्ञान लिंक यांना याच कारखान्यात मिळाले.

विमानोड्डाणाचा पहिला धडा त्यांनी १९२० मध्ये कॅलिफोर्नियात घेतला. त्यासाठी त्यांनी ५० डॉलर मोजले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. शिक्षकाने विमानाच्या कोलांट्या व गिरक्या दाखवल्या, पण शिष्याला नियंत्रकांना हातही लावू दिला नाही. उड्डाणाचे शिक्षण तेव्हा बहुधा असेच होते. ते महागडे व धोक्याचे होते आणि शिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असे. लिंक यांनी पुढे चिकाटीने उड्डाण शिकून घेतले, पण या खर्चिक पद्धतीला पर्याय शोधण्याचा विचार त्यांच्या मनात कायम राहिला.

लिंक ट्रेनर

जमिनीवर प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. फ्रान्समध्ये ॲन्तोनेत विमानांच्या शिकाऊ वैमानिकांना पिंपाच्या दोन अर्धांवर बसवून साहाय्यक ते हातांनी डोलवीत असत. लिंक यांनी हे काम भात्यांकडे सोपवले. ऑर्गनच्या कारखान्याच्या तळघरात त्यांनी आखूड पंखांचे लाकडी विमान तयार केले आणि ते भात्यांवर बसवले. विजेवर चालणारा पंप भात्यांतील हवा ओढून घेई. शिकाऊ वैमानिकाने दांडा हलवला की झडपा उघडत किंवा मिटत, आणि पेटीच्या भात्याप्रमाणे एक भाता मिटला की समोरचा फुगे. त्यामुळे यंत्राचे नाक वर-खाली होई किंवा ते बाजूला कलत असे. त्याला गोल फिरवण्यासाठी वेगळी योजना होती.

या यंत्राचे पेटंट १९३१ मध्ये मिळाले. पेटंटाच्या शीर्षकात वैमानिकांच्या प्रशिक्षणाबरोबर करमणुकीचाही उल्लेख होता, आणि आरंभीचे गिऱ्हाईक करमणुकीचेच निघाले. उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांनी त्याकडे पाठ फिरवली. यंत्रे गेली ती जत्रांत आणि करमणूक उद्यानांत. लिंक यांनी मग स्वतःची उड्डाणशाळा काढली. विमानाच्या पंखांखाली दिव्यांची अक्षरे लावून रात्री आकाशातून जाहिराती करण्याचा व्यवसायही त्यांनी केला. या दिव्यांची उघडझापसुद्धा पियानोसारख्या छिद्रित कागदी गुंडाळीवरच चाले. १९३१ मध्ये त्यांचा विवाह पत्रकार मॅरियन क्लेटन यांच्याशी झाला. कंपनीच्या व पुढे सागरी मोहिमांच्या कामात त्यांचा मोठा सहभाग होता.

१९३४ चे टपाल संकट

ढगात किंवा अंधारात क्षितिज दिसेनासे झाले की माणसाच्या आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. विमान एकाच गतीने वळत राहिले तर काही वेळाने वळण जाणवतच नाही, आणि ते सरळ केले की उलट दिशेला वळल्याचा भास होतो. अशा वेळी शरीराच्या साक्षीवर अविश्वास दाखवून समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो. हे केवळ सांगून कळत नाही, सरावानेच अंगी बाणते. लिंक यांनी आपल्या यंत्रात उपकरणे बसवली आणि वर झाकण लावले. आत बसलेल्याला बाहेरचे काहीही दिसत नसे. नंतरच्या यंत्रांत शिक्षकाच्या मेजावरील नकाशावर एक लहानसे चाकांचे यंत्र शाईने मार्ग उमटवीत जाई, त्यामुळे चूक नेमकी कोठे झाली ते दाखवता येई.

फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने हवाई टपालाची खासगी कंत्राटे रद्द करून हे काम सैन्याच्या हवाई दलाकडे सोपवले. ते हिवाळ्याचे दिवस होते. सैन्याच्या वैमानिकांना उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव फारच थोडा होता. अपघातांमागून अपघात झाले आणि काही महिन्यांत डझनभर कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर सैन्याच्या अधिकाऱ्यांनी लिंक यांची भेट घेण्याचे ठरवले. भेटीच्या दिवशी नेवार्क येथे हवामान इतके वाईट होते की पाहुणा येणार नाही असे अधिकाऱ्यांनी गृहीत धरले होते. लिंक मात्र उपकरणांच्या भरवशावर विमान घेऊन उतरले. सैन्याने प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा यंत्रे मागवली. जे यंत्र पाच वर्षे उपलब्ध होते, त्याची किंमत इतक्या बळींनंतर कळावी, ही या इतिहासातील खेदाची बाब आहे.

दुसरे महायुद्ध

यानंतर जपानसह अनेक देशांनी ही यंत्रे विकत घेतली. पुढे युद्धात परस्परांविरुद्ध लढलेल्या वैमानिकांपैकी काही जण एकाच बनावटीच्या यंत्रात शिकले होते. युद्धकाळात सुमारे १०,००० यंत्रे तयार झाली आणि मित्रराष्ट्रांच्या पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी त्यांत सराव केला. निळ्या रंगामुळे त्यांना 'ब्लू बॉक्स' हे टोपणनाव पडले. ताऱ्यांच्या आधारे रात्री मार्ग काढण्याचे शिक्षण देणारे, उंच मनोऱ्यासारख्या इमारतीत बसवलेले यंत्रही लिंक यांनी नौदल अधिकारी फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स यांच्या सहकार्याने विकसित केले.

बिझनेस एव्हिएशनवरील प्रभाव

युद्धानंतर अमेरिकेतील अनेक कंपन्यांनी लष्कराची जुनी विमाने घेऊन आपल्या अधिकाऱ्यांच्या प्रवासासाठी ती सजवली. ती चालवणारे बहुतेक वैमानिक सैन्यातून आलेले, अनुभवी होते. मात्र विमान कंपन्यांकडे असतो तसा प्रशिक्षण विभाग या लहान ताफ्यांजवळ नव्हता. वैमानिक नव्या जातीचे विमान ओळखीच्याकडून शिकून घेई आणि प्रवासी बसवून निघे. ही उणीव ओळखून पॅन ॲम कंपनीचे वैमानिक अल्बर्ट उल्ची यांनी १९५१ मध्ये न्यू यॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर 'फ्लाइटसेफ्टी' ही संस्था काढली. लिंक यांचा या संस्थेच्या स्थापनेत वाटा नव्हता. परंतु जमिनीवर चुका करून शिकण्याची जी पद्धत त्यांनी रुजवली, तिच्यावरच या क्षेत्राची उभारणी झाली. उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडणे किंवा विमानात धूर होणे यांचा सराव खऱ्या विमानात करणे धोक्याचे असते. सिम्युलेटरमध्ये तो एका सकाळी दहा वेळा करता येतो. आता प्रत्येक जातीच्या जेट विमानासाठी वेगळी पात्रता लागते आणि ठराविक काळाने ती पुन्हा सिद्ध करावी लागते. त्यासाठी एका देशाचे वैमानिक दुसऱ्या देशातील केंद्रात जातात.

सागरी संशोधन

१९५४ मध्ये लिंक यांनी आपली कंपनी 'जनरल प्रिसिजन इक्विपमेंट'ला विकली आणि समुद्राकडे लक्ष वळवले. १९५९ मध्ये त्यांनी जमैकातील बुडालेल्या पोर्ट रॉयल शहराचे संशोधन केले. १९६२ मध्ये त्यांच्या योजनेनुसार बेल्जियमचे पाणबुडे रोबेर स्तेन्युई भूमध्य समुद्रात २०० फूट खोलीवर एक दिवसाहून अधिक काळ राहिले. पुढे त्यांनी 'जॉन्सन सी लिंक' ही लहान पाणबुडी घडवली. १७ जून १९७३ रोजी ती फ्लोरिडाजवळ एका बुडवलेल्या युद्धनौकेच्या अवशेषांत अडकली. मागच्या कक्षातील थंडीमुळे कर्बवायू शोषणारे रसायन निकामी झाले आणि लिंक यांचा मुलगा क्लेटन व एक सहकारी मरण पावले. यानंतर लिंक यांनी अडकलेल्या पाणबुडीपर्यंत पोहोचू शकणारे, केबलला जोडलेले बचावयंत्र तयार केले.

मृत्यू व सन्मान

लिंक यांचे बिंगहॅम्टन येथे १९८१ मध्ये निधन झाले. त्यापूर्वी १९७६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एव्हिएशन हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला होता. मॅरियन व एडविन यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेले लिंक फाउंडेशन सिम्युलेशन व सागरी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी शिष्यवृत्ती देते. बिंगहॅम्टनच्या विमानतळाला 'एडविन ए. लिंक फील्ड' असे नाव देण्यात आले आहे.