राज्य कर्जातून सोडवणारे दिवाण

विद्यार्थी मित्रांनो, बडोदा म्हटले की आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात. पण ते लहान असताना ज्यांनी राज्याची विस्कटलेली घडी बसवली, त्या राजा सर टी. माधवरावांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे एका तंजावरी मराठी घराण्यात झाला. मद्रासला शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ गणित शिकवले, मग सरकारी हिशेबाच्या कचेरीत नोकरी केली. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५८ मध्ये, ऐन तिशीत, त्याच राज्याचे दिवाण.

पद मोठे होते, पण तिजोरी रिकामी होती. नोकरांचे पगार थकले होते. १८०५ च्या तहाप्रमाणे इंग्रजांना दरसाल द्यायचे ८ लाख रुपयेही वेळेवर जात नव्हते. कारभार सुधारला नाही तर राज्य खालसा करू, अशी तंबी लॉर्ड डलहौसीच्या काळातच मिळाली होती. म्हणजे कर्ज फिटले नसते, तर राज्यच गेले असते.

अशा वेळी कर वाढवणे हा सोपा मार्ग. माधवरावांनी उलट केले. लोकांना छळणारे अनेक किरकोळ कर त्यांनी रद्द केले. तंबाखूचा सरकारी मक्ता १८६३ मध्ये बंद केला. मक्त्यामुळे तंबाखू महाग होई व चोरटा व्यापार फोफावे. त्याऐवजी त्यांनी आयात जकात बसवली. १८६५ च्या करारामुळे शेजारच्या इंग्रजी मुलखाशी व कोचीनशी व्यापारही मोकळा झाला. व्यापार वाढला, तसे उत्पन्न वाढले. १८६३ पर्यंत राज्याचे सार्वजनिक कर्ज फिटले होते. मग शाळा, रस्ते, दवाखाने यांवर त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्रावणकोरातून १८७२ मध्ये निवृत्त झाल्यावर ते इंदूरला होळकरांचे दिवाण झाले.

१८७५ मध्ये ते बडोद्यास आले. मल्हारराव नुकतेच पदच्युत झाले होते. त्यांनी सोन्याच्या तोफा घडवल्या होत्या, पण रयत मात्र इजारदारांच्या जाचाने गांजली होती. गादीवर आले ते बारा वर्षांचे सयाजीराव. माधवरावांनी इजाऱ्याची पद्धत मोडली, न्यायालये व पोलीस यांची व्यवस्था लावली, खर्चाला शिस्त आणली. १८८१ मध्ये त्यांनी तरुण महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा हवी, हा त्यांतला एक महत्त्वाचा धडा होता. १८८२ मध्ये त्यांनी बडोदे सोडले. १८९१ मध्ये मद्रासला त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे. तो सारा भाग ‘स्टॅच्यू’ याच नावाने ओळखला जातो.

आज दरवर्षी फेब्रुवारीत केंद्राचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि तुटीचे व कर्जाचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. आजचे देश राजवाड्यासाठी नव्हे, तर रस्ते, रेल्वे, अनुदाने, संरक्षण यांसाठी कर्ज काढतात, आणि सगळेच कर्ज वाईट नसते. पण काढलेल्या पैशातून उद्याचे उत्पन्न वाढणार आहे की सोन्याच्या तोफा होणार आहेत, हे विचारायला आपण शिकलेच पाहिजे. कारण त्याचे हप्ते तुम्हीच मोठेपणी फेडणार आहात, असे आम्हाला वाटते.