खाशाबा जाधव: मातीतला पैलवान मॅटवर उतरतो, तेव्हा मेंदूत काय घडतं?

लकव्यातून उठलेले रुग्ण बऱ्याचदा एकच तक्रार सांगतात. हातात ताकद आली आहे, पण हात ऐकत नाही. पाण्याचा पेला उचलला की पाणी सांडतं. आठ-पंधरा दिवस व्यायाम करून फरक दिसला नाही की त्यातले काही जण व्यायामच सोडून देतात. अशा वेळी मी त्यांना खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतो. आमच्या झरीच्या भागात कुस्ती समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे मेंदूचं काम सांगायला ती फार उपयोगी पडते. आज तीच तुमच्यासाठी.

गोळेश्वरचा पैलवान

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यांनी खाशाबांना अगदी लहानपणीच लाल मातीत उतरवलं. पुढे कराडचं टिळक हायस्कूल आणि कोल्हापूरचं राजाराम कॉलेज इथे शिकत असतानाही कुस्ती सुटली नाही. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव.

आता विचार करा, ढाक मारताना पैलवान काय काय करतो? समोरच्याची मान पकडायची, त्याचा तोल ओळखायचा, कंबर वळवायची, पाय रोवायचा. हे सगळं क्षणार्धात. विचार करत बसलं तर डाव गेला.

हे काम मेंदूचे अनेक भाग मिळून करतात. मोठ्या मेंदूच्या वरच्या पट्ट्यातून स्नायूंना हुकूम जातो. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि स्नायू-सांध्यांमधले संवेदक शरीर कुठे आणि कसं आहे याची खबर देतात. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू हालचालीचा आधीच अंदाज बांधतो आणि चूक झाली की तो अंदाज दुरुस्त करतो. आकाराने हा भाग लहान, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्यातच असतात.

१९४८: पायाखालची जमीन बदलली

१९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. तिथे कुस्ती मातीत नव्हती, मॅटवर होती. मातीत पैलवान अनवाणी लढतो, पायाची बोटं रुतवतो. घामावर माती बसली की पकड मिळते. मॅटवर पायात बूट, खाली गादी, अंग घामाने निसरडं. नियमही वेगळे.

ताकद तीच, डाव तेच. पण मेंदूने इतकी वर्षं बांधलेला अंदाज मातीचा होता. पाय किती जोराने रोवला म्हणजे तोल राहील, हे गणितच बदललं. तुम्हालाही याचा अनुभव असेल. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आयुष्य काढलेली आजी गुळगुळीत फरशीवर बिचकत चालते, कारण तिच्या मेंदूचा अंदाज अजून जुन्या जमिनीचा असतो.

तरीही अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले.

चार वर्षांची दुरुस्ती

परतल्यावर त्यांनी कसून सराव केला आणि वरच्या वजनगटाची तयारी केली. त्यांच्या मेंदूचा स्कॅन कुणी काढलेला नाही. पण अशा सरावात काय घडतं, हे आज आपल्याला माहीत आहे. प्रत्येक चुकलेला डाव मेंदूला सांगतो, की अंदाज आणि प्रत्यक्ष यांत इतका फरक पडला. पुढच्या वेळी हुकूम थोडा बदलतो. शेकडो वेळा असं झालं की नवी सवय पक्की होते, आणि झोपेत ती आणखी मुरते. म्हणजे चूक हा सरावाचाच भाग आहे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबा बँटमवेट गटात उतरले आणि कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या मल्लांना हरवत पुढे गेले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लांबलेली कुस्ती ते हरले, आणि पुरेशी विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावं लागलं. तीही हरले. थकव्यात फक्त स्नायू ढिले पडत नाहीत, डावाची वेळ साधणंही कठीण होतं. तरी कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

१९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. पुढच्या ऑलिम्पिकची संधी गुडघ्याच्या दुखापतीने हुकली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.

तुमच्यासाठी यात काय?

लकव्यात मेंदूच्या काही पेशी मरतात. त्या परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी नवं काम शिकू शकतात. म्हणून:

- पेला उचलताना पाणी सांडलं तरी उचलत राहा. सुरुवातीला अर्धाच भरा.
- फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम रोज करा. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण नंतरही ती थांबत नाही.
- थकवा आला की विश्रांती घ्या. झोप पुरेशी हवी.
- घरात म्हातारी माणसं असतील तर न्हाणीघरात धरायला दांडी आणि न घसरणारी चटई ठेवा.
- रक्तदाब आणि साखरेची औषधं स्वतःहून बंद करू नका.

एक गोष्ट मात्र विसरू नका. तोंड अचानक वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एकाएकी तोल गेला, तर मालिश किंवा घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सरावाला महिने मिळतात. इथे हातात काही तासच असतात.